मावशीच्या अंगावरचं पोर

म्हातारी दारात उभी राहिली तेव्हा थोरलीच्या हातात गिऱ्हाइकाचा शर्ट होता. तिनं शर्ट टेबलावर टाकला, पायातली चप्पल काढली आणि उंबऱ्यातच म्हातारीला बडवायला सुरुवात केली. तोंडावर, खांद्यावर, पाठीवर, हात पोचेल तिथं. गल्लीतली माणसं आपापल्या दारांत आली, पण मध्ये कुणी पडलं नाही. ही बाई कोण आणि हिच्या पोरानं काय करून ठेवलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारीनं एकदाही हात वर केला नाही. ती नुसती वाकत गेली आणि शेवटी गुडघ्यांवर आली. छातीशी धरलेलं गाठोडं जमिनीला लागलं तेव्हा त्यातून आवाज आला. त्याला रडणं म्हणता येणार नाही. मांजराच्या पिल्लाच्या मानेवर पाय पडला तर ते करेल तसला किरटा आवाज.

थोरलीची चप्पल हवेतच राहिली.

"मला मार," म्हातारी म्हणाली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं होतं. "हवं तेवढं मार. पण आधी ह्याला बघ. हे चाललंय."

थोरलीनं कापड बाजूला केलं. आत धाकटीचं पोर होतं. पोर म्हणजे काय, डोळे आणि बरगड्या. मांडीची कातडी सैल होऊन लोंबत होती, म्हाताऱ्या माणसाची असते तशी. तिनं ते उचललं आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी दवाखान्याकडं धावत सुटली.

थोरलीचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान, मागच्या खोलीत संसार. नवरा गवंडी, सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवे लागल्यावर परतायचा. एक मुलगी, छकुली, नुकतंच दूध तोडलेली. आणि पाठची बहीण, धाकटी. तिचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, गॅरेजच्या मागं. गॅरेजवाला तिचा नवरा.

गॅरेजवाला दारू प्यायचा नाही, जुगार खेळायचा नाही. लोक त्याला सरळमार्गी म्हणायचे. त्याला फक्त आवाज सहन व्हायचा नाही. भांडं पडलं तरी हात उठायचा. धाकटी हसून सांगायची, "अगं, दिवसभर हातोड्याचा आवाज ऐकतो ना, घरी शांतता लागते त्याला." थोरलीला ते हसू बघून तळपायाची आग मस्तकात जायची. ती म्हणायची, "तू ये निघून, मी बघते त्याला." धाकटी यायची नाही. मग तिला बाळ झालं, आणि बाळ म्हटलं की ते रडणारच.

त्या दुपारी थोरली बहिणीसाठी जेवणाचा डबा घेऊन गेली होती. गॅरेजच्या दारापर्यंत तिला बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मग बहिणीची अर्धी किंकाळी आली. पुढची अर्धी आलीच नाही. थोरली आत शिरली तेव्हा धाकटी मोरीपाशी पडली होती आणि तिच्या डोक्याचा आकार बदलला होता. गॅरेजवाला मोठा पाना हातात घेऊन उभा होता. कोपऱ्यात म्हातारी, त्याची आई, बाळाला पोटाशी आवळून भिंतीत शिरू पाहत होती.

"पोराला गप्प कर म्हणून किती वेळा सांगितलं होतं हिला," तो म्हणाला. गाऱ्हाणं सांगावं तसा.

थोरलीनं डबा त्याच्या तोंडावर फेकला आणि अंगावर झेप घेतली. त्याच्या कानाचा लचका तोडला. त्यानं पाना फिरवला, तिच्या खांद्याचं हाड मोडलं. मग तो पाना खाली ठेवून खुर्चीवर बसला, आणि पोलीस येईपर्यंत तसाच बसून राहिला.

धाकटीला नेलं त्या दिवशी बायका म्हणाल्या, पोर मावशीकडं जाऊ दे. थोरली हात गळ्यात बांधून उभी होती. ती म्हणाली, "त्याचं बी माझ्या दारात नको. समोर आलं तर गळ्याला नख लावीन." त्यानंतर कुणी विषय काढला नाही. बाळ म्हातारीकडंच राहिलं. घरात म्हातारी आणि तिचा दुसरा मुलगा, टायरवाला. पातळ केलेलं दूध, न उकळलेली बाटली आणि जुलाब. म्हातारी बिचारी काय करणार? तिला जे येत होतं ते तिनं केलं, आणि पोर वाळत गेलं.

दवाखान्यात त्याला मरणाच्या दारातून ओढून काढलं. मग डॉक्टर म्हणाले की आता ह्याला घरी न्या, पण बाटली नको. बाटलीनं पुन्हा इथंच येईल. थोरलीनं त्याला आपल्याच घरी आणलं, आणि दवाखान्यानं घरी येऊन मदत करणारी एक नर्सबाई सोबत दिली.

नर्सबाई आडव्या अंगाची, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं पुढच्या खोलीत उभं राहून सगळं बघून घेतलं: इस्त्री, कपड्यांचे ढीग, थोरलीच्या पायाला बिलगलेली छकुली.

"हिचं दूध कधी तोडलं?"

"थंडी सरताना."

"मग दूध गेलेलं नाही. झोपलंय. उठवू या."

"मी पाजू? ह्याला?" थोरली म्हणाली. "बाई, ह्याच्या बापानं माझ्या बहिणीचं डोकं फोडलंय."

"ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे." नर्सबाईनं पिशवीतून एक बारीक नळी काढली. "ह्या पोराला मात्र ठाऊक नाही. त्याला फक्त भूक लागलीय."

तिनं करून दाखवलं. नळीचं एक टोक दवाखान्यातल्या दुधाच्या पेल्यात, दुसरं थोरलीच्या स्तनाग्रापाशी चिकटपट्टीनं चिकटवलेलं. पोर चोखेल तेव्हा पेल्यातलं दूध त्याच्या तोंडात जाईल. त्याला वाटेल छातीतूनच आलं, आणि त्याच्या चोखण्यानं छातीलाही हळूहळू जाग येईल. पेला छातीच्या खाली धरायचा. वर नेला की दूध आपसूक वाहतं आणि पोर आळशी होतं. फार खाली नेला की दमून सोडून देतं. म्हणजे पाजणारीनं पोर सांभाळायचं आणि दुसऱ्या कुणीतरी पेला.

"आणि हे दिवसभर, दर थोड्या वेळानं," नर्सबाई म्हणाली. "पेला कोण धरेल?"

नवरा कामावर. छकुली पेला पिऊन टाकेल. नर्सबाईनं बाहेर पायरीकडं बोट दाखवलं. तिथं म्हातारी बसली होती. मार खाल्ल्यापासून ती रोज सकाळी यायची, पायरीवर बसायची आणि अंधार पडल्यावर जायची. आत पाऊल टाकायची तिची हिंमत नव्हती.

"हिचे हात रिकामे आहेत."

"तिचे हात? त्याच हातांनी तो राक्षस वाढवलाय!"

"मला हातांचं चरित्र नको," नर्सबाई म्हणाली. "हलत नाहीत एवढं पुरे."

म्हातारी आत आली. थोरलीच्या समोर गुडघे टेकून बसली आणि पेला धरला. तिचे हात खरंच हलत नव्हते. थोरलीनं डोळे भिंतीकडं केले आणि पोर छातीला लावलं.

पहिले दिवस नुसते भांडणाचे होते. पोराला ओढायची ताकद नव्हती. दोन घोट घेतले की झोपायचं, उठवलं की रडायचं. थोरलीचं मोडलेलं हाड नीट जुळलं नव्हतं, खांदा ठणकायचा. स्तनाग्रांना चिरा पडल्या. पोर लागलं की कळ थेट डोक्यात जायची आणि तिच्या तोंडातून अशा शिव्या निघायच्या की गिऱ्हाईक कपडे ठेवून पळायचं. कधी म्हातारीचं डोकं जास्तच जवळ आलं तर ती पायानं ढकलून द्यायची. म्हातारी मागं पडायची, पण पेला सरळ. पुन्हा येऊन बसायची.

शेजारची पाववाली एकदा सहानुभूती घेऊन आली. दारात उभी राहून हा सगळा प्रकार बघत राहिली आणि डोळे पुसत म्हणाली, "म्हणतात ते खोटं नाही गं. माय मरो पण मावशी जगो! तू खरं करून दाखवलंस."

थोरलीच्या हाताशी कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याचा तांब्या होता. आधी पाणी गेलं, मागोमाग तांब्या. पाववालीचं कपाळ फुटलं.

"माय मरायला नको होती!" थोरली ओरडत होती. "कळलं का? मरायला नको होती माय! परत हे तोंडातून काढलंस तर जीभ भाजीन तुझी!"

पाववालीच्या कपाळाला टाके पडले. पण बाई मनानं चांगली. तिनं तक्रार केली नाही, आणि ती म्हण त्या गल्लीत पुन्हा कुणी उच्चारली नाही.

मग ती दुपार आली. म्हातारी पाणी भरायला गेली होती, आणि पोर भुकेनं रडायला लागलं म्हणून थोरलीनं त्याला नळीशिवायच छातीला लावलं होतं. पोरानं चिरलेल्या जागीच हिरड्या आवळल्या आणि वर बघितलं. त्याच्या भुवया जुळलेल्या होत्या, बापासारख्या. आवाज झाल्यावर बाप बघायचा तसंच ते बघत होतं. थोरलीनं त्याला छातीवरून ओढून काढलं आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. इस्त्री तापलेली होती. ती कधी हातात आली हे तिला कळलंच नाही. पोर हातपाय हलवत होतं. इस्त्रीची धग तिच्या मनगटाला लागत होती. एक दाब पुरेसा आहे, एवढाच विचार डोक्यात होता. दुसरं काही नव्हतं, बहीणसुद्धा नव्हती.

पोराला शिंक आली. इवलीशी.

"आई, तो शिंकला," जमिनीवर बसलेली छकुली म्हणाली आणि खुदकन हसली.

थोरलीनं इस्त्री खाली टेकवली. कुठं टेकवली हे बघितलं नाही. कुणाच्या तरी चादरीला भलंमोठं भोक पडलं आणि खोलीभर जळका वास झाला. म्हातारी घागर घेऊन आली तेव्हा थोरली रस्त्यात उभी राहून ओकत होती.

नर्सबाईला तिनं हे सांगितलं. लपवावं असं वाटलं होतं, पण ती वजन करायला आली आणि हिच्या तोंडून निघूनच गेलं. "मी त्याला मारणार होते. मी त्याच्या बापापेक्षा वेगळी नाही."

नर्सबाईनं कपाळाला हात लावला नाही, की देवाचं नाव घेतलं नाही. "वेगळी आहेस. तू इस्त्री खाली ठेवलीस," ती म्हणाली. "आता ऐक. पाजायच्या वेळी इस्त्री बंद, आणि तारही भिंतीतून काढायची. हात शिवशिवले की पोर जमिनीवर ठेवायचं आणि घराबाहेर जायचं. रडू दे. रडून पोर मरत नाही. म्हातारीला सांगायचं, मला बोलाव. मी येईन. आणि आजपासून तू एकटी बसायचं नाहीस ह्याच्याजवळ. नवऱ्यालाही मी सांगणार आहे." मग ती तिच्या शेजारी बसली आणि चिरांना कसं जपायचं, पोराचं तोंड मोठं उघडल्यावरच त्याला कसं जवळ घ्यायचं, हे पहिल्यापासून पुन्हा दाखवलं. त्या दिवशी पहिल्यांदा कळ जरा कमी आली.

गवंड्यानं रात्री सगळं ऐकून घेतलं. सकाळी जाताना इस्त्रीचं टेबल उचलून त्यानं खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि म्हातारीला पहिल्यांदाच हाक मारली. "आजी, दुपारी कुठं जाऊ नका."

नर्सबाई म्हणायची की मन शांत असलं की पान्हा लवकर फुटतो. थोरलीचं मन शांत व्हायचं नाव घेईना. पान्हा फुटला तो भर भांडणात. एक गिऱ्हाईक जळक्या चादरीवरून हुज्जत घालत होतं, आणि थोरली पोर छातीला लावून, वर कापड टाकून, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. म्हातारी खाली पेला धरून बसलेली. ती हळूच म्हणाली, "अगं."

"मध्ये बोलू नको!"

"अगं, बघ तरी. पेल्यातलं दूध उतरत नाहीये. आणि हा गिळतोय."

थोरलीनं खाली बघितलं. पेला होता तेवढाच भरलेला. पोराचा गळा मात्र हलत होता, घोट, घोट, घोट. ओठांच्या कडेनं पांढरा ओघळ आला होता. दुसऱ्या बाजूनं तिचा कपडा भिजून चिंब झाला होता. ती गिऱ्हाइकासमोर, म्हातारीसमोर, बहीण गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडली. गिऱ्हाईक चादर विसरून गेलं.

पुढच्या वजनाला काटा वर सरकला. त्याच्या पुढच्या वेळीही. पोराच्या मांडीला वळी पडू लागली. नर्सबाईनं नळी आधी थोडा वेळ, मग जास्त वेळ बंद ठेवायला सांगितली.

आणि टायरवाला यायला लागला.

आधी तो गोडीनं बोलला. भावाचा खटला उभा राहायचा होता, आणि गॅरेजवाल्याच्या हातात पाना बघणारी थोरली होती. "वहिनी पडली, मोरीवर डोकं आपटलं, असं म्हण," तो म्हणाला. "तुझं काय जातंय? गेलेलं माणूस परत येतं का?" थोरलीनं त्याच्या अंगावर पाणी ओतलं. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा दाराला लाथ घालून गेला. "पोर आमच्या रक्ताचं आहे," जाता जाता म्हणाला. "तू बोललीस तर पोर उचलून नेईन. मग बघ कुणाला पाजतेस."

तिसऱ्यांदा तो बोलायला आला नाही. दुपारची वेळ, गल्ली निजलेली. थोरली मागच्या खोलीत पाजत होती, म्हातारी छकुलीला थोपटत होती. पुढचं दार बिजागरीसकट आत आलं. टायरवाल्याच्या हातात टायर उचकटायची लोखंडी पट्टी होती. त्यानं सरळ येऊन पोराचा पाय धरला आणि ओढलं. पोराच्या तोंडातून छाती सुटली तशी थोरली कळवळली, पण पोर तिनं सोडलं नाही. त्यानं पट्टी तिच्या त्याच खांद्यावर घातली. हाड पुन्हा मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

म्हातारीनं त्याच्या पायांना मिठी मारली.

"सोड, आई!"

"नाही सोडणार. एकीला त्यानं मारलं. दुसरीला तू मार. आधी मला मार."

त्यानं मारलं. आईच्या बरगड्यांत लाथ घातली, एकदा, दोनदा, आणि ती मिठी सोडेना म्हणून पट्टीनं तिच्या पाठीवर. म्हातारीनं त्याच्या पोटरीत दात रोवले. तो बोंबलत खाली बसला. तेवढ्या वेळात थोरलीनं पोर छकुलीच्या शेजारी टाकलं आणि पुढच्या खोलीत धावली. इस्त्रीची तार लावलेली नव्हती. पण इस्त्री जड होती, जुनी, बिडाची. चांगल्या हातानं तिनं ती उचलली आणि परत येऊन टायरवाल्याच्या हातावर घातली. पट्टी पडली. तिनं पुन्हा घातली, मनगटावर, कोपरावर, जबड्यावर. दात जमिनीवर सांडले. पाववाली आरडाओरडा करत आत आली नसती आणि तिनं मागून कंबर धरली नसती, तर थोरली थांबली नसती. हे तिनं पुढं पोलिसांनाही तसंच सांगितलं.

"बास! मेला तर तू आत जाशील," पाववाली तिच्या कानात ओरडत होती. "पोराला पाजणार कोण? बास!"

थोरलीनं इस्त्री टाकली.

टायरवाल्याचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही. घरात घुसून बायकामुलांवर हात टाकल्याबद्दल तो तुरुंगात गेला. म्हातारीच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. गवंड्यानं दार बसवलं आणि दवाखान्यातून तिला सरळ घरी आणलं. मागच्या खोलीत तिची गादी पडली. थोरली एका हातानं तिला भरवायची, नर्सबाई येऊन दोघींच्या पट्ट्या बघायची. "बाळंतिणीचं घर म्हणून आले होते, इथं तर लढाईवरचा दवाखाना उघडलाय," असं म्हणायची. नळी आता लागत नव्हती. हात गळ्यात बांधलेला असताना आडवं पडून पाजायचं कसं, तेही नर्सबाईनंच शिकवलं.

त्या दिवसांत दोघी बायका थोडंफार बोलू लागल्या. धाकटीबद्दल कधीच नाही. पोराच्या शीबद्दल, त्याच्या डोक्यावरच्या भोवऱ्याबद्दल, आज किती वेळा प्यायला त्याबद्दल. थोरली तिला "आजी" म्हणू लागली.

खटला उभा राहिला तोवर पोर रांगायला लागलं होतं. थोरलीनं बघितलं तसं सांगितलं. मग म्हातारीला बोलावलं. ती काठी टेकत पिंजऱ्यात उभी राहिली. समोर गॅरेजवाला होता, अंगानं उतरलेला, कानाचा तुकडा नसलेला. तो आईकडं बघत होता.

"तुम्ही काय बघितलं?"

म्हातारीनं मुलावरून नजर काढली. "मी स्वयंपाकघरात होते," ती म्हणाली. "पडल्याचा आवाज आला. मी काही बघितलं नाही."

थोरली उठून उभी राहिली. शिपायानं तिला खाली बसवलं.

डॉक्टरांचा अहवाल होता, पाना होता, थोरलीची साक्ष होती. गॅरेजवाल्याला जन्मठेप झाली. म्हातारीच्या खोटं बोलण्यानं काही फरक पडला नाही. पण घरी आल्यावर थोरलीनं तिची गादी, काठी, कपडे सगळं रस्त्यावर फेकलं.

"माझ्या बहिणीचं मढं तुझ्या पायापाशी पडलं होतं! तुझ्या डोळ्यांदेखत!"

"हो," म्हातारी म्हणाली. "बघितलं मी. सगळं बघितलं."

"मग?"

"त्यालाही अंगावर पाजलंय गं मी."

थोरलीचा हात उठला. म्हातारीनं ह्याही वेळी तोंड झाकलं नाही. थोरलीनं हात दाराच्या चौकटीवर आपटला, पुन्हा पुन्हा, बोटं सोलून निघेपर्यंत. गवंड्यानं तिला मागून धरलं. म्हातारी कपडे गोळा करून निघून गेली.

ती आता बंद गॅरेजात राहते. पाववाली तिला उरलेलं देते, हे थोरलीला माहीत आहे. तिनं पाववालीला अडवलं नाही. नर्सबाई शेवटचं वजन करायला आली आणि म्हणाली, "हा आता माझ्या कामाचा उरला नाही, फारच जाडा झालाय. दूध कधी तोडायचं ते तुझं तू ठरव." म्हातारी कुठं दिसत नाही, हे तिनं बघितलं. विचारलं नाही.

पोर चालायला लागलं तसं त्याला गल्ली पुरेना. एक दिवस ते नळापर्यंत गेलं. तिथं म्हातारी घागर लावून उभी होती. ती त्याला बघून तिथंच खाली बसली, दोन्ही हात पुढं केले, आणि मग दुकानाच्या दारातली थोरली दिसल्यावर हात मागं घेतले. पोर तिच्याजवळ जाऊन तिच्या काठीशी खेळत राहिलं. थोरली बघत होती. पोराला हाक मारावी असं दोनदा तोंडापर्यंत आलं. तिनं हाक मारली नाही.

काठीचा कंटाळा आल्यावर पोर भुकेनं कुरकुरत, पडत-धडपडत परत आलं आणि तिचा कपडा ओढायला लागलं. थोरलीनं इस्त्रीची तार भिंतीतून काढली आणि पायरीवर पाजायला बसली. पोराला आता दात आले होते. ते कचकन चावलं.

"मेल्या!" ती ओरडली, त्याचं नाक दाबून त्याला तोंड उघडायला लावलं, आणि पुन्हा जवळ घेतलं.